दादासो गलाईवाल्याची खात्री

दादासो सूर्यवंशी वाईट माणूस होता असं कुणीच म्हणणार नाही. पण त्याच्याबरोबर बाजाराला जायची वेळ आली की गावातली माणसं पोटात दुखतंय म्हणून घरी बसायची. साधी वांगी घ्यायची तरी हा गडी विकणाऱ्या बाईचा तराजू उचलून, उलटा करून, पारड्याखाली काही चिकटवलंय का ते बघायचा. चहावाल्यानं सुट्टे दिले की नोट उजेडाला धरायचा. एका लग्नात आहेर म्हणून टॉवेल-टोपी आली, तर याने मांडवातच टॉवेलाचा धागा उपसून काडीनं पेटवला आणि जाहीर केलं, "सुती न्हाई ह्यो!" त्याची बायको संयोगिता तिथून जी उठली ती थेट एस.टी. स्टँडवर जाऊन बसली.

आता माणसाला तरी दोष किती द्यायचा? धंदाच तसला. विट्याच्या आसपासच्या गावांतली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, जुनं सोनं आटवून चोख करून देणारा आपल्याकडचा माणूस भट्टीपुढं घाम पुसत बसलेला दिसेल. दादासो मिसरूड फुटायच्या आतच चुलत्याचं बोट धरून केरळात त्रिशूरला गेला आणि तिथलाच झाला. या धंद्यात एक रीत असते. गिऱ्हाईक मोडीचा दागिना देतं आणि भट्टीपुढच्या बाकड्यावर ठाण मांडून बसतं. मुशीत सोनं वितळतंय, तेजाबात हीण जातंय, शेवटी चोख लगड निघतीय, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. मधे लघवीला जायचं झालं तर भावाला बसवून जातं. गलाईवाल्यालाही त्याचा राग येत नाही. माल नजरेआड करायचा नाही, ही दोघांचीही बोली. दादासोनं ही रीत दुकानातून उचलली आणि सगळ्या संसाराला लावली. घोटाळा झाला तो तिथं.

लग्नातलीच गोष्ट घ्या. सासऱ्यानं जावयाला अंगठी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरच्या सोप्यात बसून जावईबापूंनी खिशातून कसोटीचा दगड काढला आणि अंगठी घासली! सासरा दारात उभा, सासू चहाचे कप घेऊन उभी, मेहुणा हंबीरराव अर्ध्या चड्डीत उभा. सोनं अस्सल निघालं. दादासोनं मान हलवली, "चोख हाय," म्हणाला, आणि अंगठी परत बोटात घातली. आपण सासऱ्याचं कौतुक केलं अशीच त्याची समजूत होती. सासरा बिचारा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

अशा माणसाला एकच लेक, प्रांजल. ती आठवीपर्यंत गावाकडं आजीजवळ शिकली. आजी गेली आणि आता पोरगीला ठेवायचं कुठं हा प्रश्न आला. डॉक्टर व्हायचं खूळ तिच्या डोक्यात तेव्हापासूनच होतं. मेहुणा हंबीरराव तोवर मोठा होऊन मिरजेत औषधांचं दुकान चालवत होता. गल्लोगल्ली दवाखाने असलेलं गाव, त्याच्या दुकानात डॉक्टर आणि डॉक्टर होणारी पोरं यांचीच ये-जा. त्याला या गोष्टी माहीत असायच्या. त्यानं फोन केला.

"दाजी, पोरीला डॉक्टर व्हायचंय न्हवं? मग तिची दहावी-बारावी हितंच होऊ द्या. भाईरच्या राज्यात शिकली की पुढं ॲडमिशनला भाईरची धरत्यात. आमच्याकडं राहू दे तिला. शाळा जवळ हाय, क्लास जवळ हाय, आमच्या मंडळींनाबी सोबत हुईल."

दादासोनं "बगू" म्हणून फोन ठेवला आणि संयोगिताकडं बघत डोळे बारीक केले.

"फुकाट कोण कुणाला ठिवून घेतं गं? सोबत म्हणं! कामाला बाई लावली तर पगार द्यावा लागतोय. भाची ठिवली की नुसत्या चहावर भागतंय."

"आवं, माझा सख्खा भाऊ हाय त्यो!"

"म्हणून तर म्हणतोय. परका असता तर इचारलं नसतं."

संयोगिता रडली, अबोला धरला, एक वेळ जेवली नाही. काही उपयोग झाला नाही. माल नजरेआड करायचा नाही. प्रांजल नववीपासून त्रिशूरला, बापाच्या डोळ्यांसमोर.

पोरगी मात्र जिद्दीची. मल्याळम अशी शिकली की शेजारणींशी भांडायचीसुद्धा मल्याळममध्ये. दहावीला वर आली, बारावीला वर आली आणि नीटच्या परीक्षेत असे मार्क पाडले की दादासोनं तीन वेगवेगळ्या मोबाईलवर निकाल उघडून बघितला. मग स्वारी सहकुटुंब गावाकडं आली. आपलं गाव, आपला जिल्हा, आता काय अडचण?

अडचण सांगलीत कळली. फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरमधला पोरगा चांगला होता. त्यानं सगळे कागद बघितले, परत एकदा बघितले आणि खुर्ची जवळ ओढली.

"काका, गाव तुमचं इथलं. जमीन इथली, रेशनकार्ड इथलं, सगळं खरं. पण मुलीची दहावी-बारावी बाहेरची झालीय. राज्याच्या ज्या जागा असतात त्यांच्यासाठी ती बाहेरची."

"भाईरची? माझी पोरगी? विट्याच्या दवाखान्यात जन्मलीया ती!"

"जन्माचं नाही काका, शाळेचं."

दादासोला पहिल्यांदा वाटलं, हा पोरगा काहीतरी काढायला बघतोय. तो दुसऱ्या सेंटरला गेला. तिथंही तेच. तिसऱ्याला गेला, तेच. तेव्हा त्याची खात्री पटली की सगळे एकमेकांना सामील आहेत! संध्याकाळी त्रिशूरच्या ओळखीच्या वकिलाला फोन लावला, तर तिकडून कळलं की केरळातही ती तिथली धरली जात नाही, त्यांच्या हिशेबानं शाळेची वर्षं कमी पडतात.

प्रांजल एस.टी.त खिडकीशी बसली होती. तासगाव मागं पडल्यावर म्हणाली, "पप्पा, तिकडं मी मराठी, हितं मी केरळी. मग मी हाय तरी कुठली?" नववीच्या वेळचा मामाचा तो फोन दोघांनाही आठवत होता, पण विषय काढला कुणीच नाही.

हंबीररावानं तरी काढावा की नाही? 'मी सांगितलं होतं' एवढं एक वाक्य म्हणायचा त्याचा हक्क होता. तेही तो म्हणाला नाही. उलट म्हणाला, "काळजी करू नका दाजी, ऑल इंडिया कोटा हाय. देशातल्या कुणालाबी चालतोय. जागा थोड्या असत्यात, पण पोरीचं मार्क हायत." दादासोला याचीच धास्ती बसली. माणूस टोमणा मारत नाही म्हणजे त्याच्या मनात काहीतरी शिजतंय.

त्या दिवसांत एजंटांचे फोन सुरू झाले. कुठून नंबर मिळवतात देव जाणे. बाहेरच्या राज्यातली पोरगी आणि मार्क चांगले म्हटलं की गूळ सांडल्यावर मुंग्या येतात तसे येतात. एकानं बापलेकीला कराडला हॉटेलात बोलावलं. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, कुणा मोठ्या माणसाबरोबरचा फोटो. मिसळ मागवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेरच्यांसाठी आमच्याकडे आतली सोय आहे. फक्त आज टोकन द्यावं लागेल."

दादासोनं शांतपणे पाव मोडला. "देऊ की. चला, आत्ताच कॉलेजात जाऊ, गाडी बोलावतो. तुमच्या नजरंसमोर पैसं, माझ्या नजरंसमोर जागा. तितं खुर्चीत बसल्याल्या सायबाला इचारू, ह्यो आमचा माणूस हाय म्हणून तुमाला वळखतोय का."

पांढऱ्या शर्टाला तेवढ्यात फोन आला. रेंज नाही म्हणून तो बाहेर गेला, तो गेलाच. मिसळीचं बिल दादासोनं भरलं, पण त्या दिवशी कराड स्टँडवर त्याच्याइतका खूश माणूस दुसरा नव्हता. "बगितलंस?" तो प्रांजलला परत परत सांगत होता. "मी नसतो तर लुटलं असतं आपल्याला!" आणि ते खरंच होतं, खोटं कशाला म्हणा? भल्याभल्या शिकलेल्यांना तो पांढरा शर्ट गंडवून गेला असेल. पण या एका विजयानं दादासो पार बिघडला. त्यानंतर त्याला पोस्टमनसुद्धा एजंट वाटायला लागला.

पहिल्या फेरीत प्रांजलला काही मिळालं नाही. दुसरीतही नाही. तिसऱ्या फेरीच्या यादीत नाव आलं, तेही कुठं? मिरजेला! ऑल इंडियाच्या कोट्यातून सरकारी कॉलेज. प्रांजल एवढ्यांदा किंचाळली की शेजारची लीलाबाई भाकरी तव्यावर टाकून धावत आली. संयोगितानं साखरेचा डबाच उघडला.

"थांबा," दादासो म्हणाला. "तोंड गोड करायच्या आधी खातरी करू. परवा भाईरची म्हणून हाकललं, आन आता त्याच दारात मागच्या बाजूनं बोलावत्यात? कसं काय?"

"पप्पा, ती जागा राज्याची न्हाई. ऑल इंडियाची हाय. येगळी यादी, येगळं सगळं."

"तसंच सांगत्यात सगळी."

झालं! प्रांजलच्या मोबाईलवर दिसलं ते खरं नाही, म्हणून विट्यातल्या नेट कॅफेत जाऊन बघितलं. तो कॅफेवाला हंबीररावाच्या ओळखीचा निघाला म्हणून खानापुरात जाऊन बघितलं. त्रिशूरच्या वकिलाला बघायला लावलं. दिल्लीच्या हेल्पलाईनला फोन लावला, लागला नाही. लागला नाही म्हणूनच संशय वाढला. प्रांजल रोज सांगत होती, "पप्पा, मुदत हाय. तवर हजर न्हाई झालं तर ही जागाबी जाती आन पुढच्या फेरीलाबी बसू देत न्हाईत." दादासो रोज म्हणत होता, "उद्या." असं करता करता शेवटचा दिवस उजाडला, आणि त्याही दिवशी संयोगितानं दारात उभं राहून, "आता न्हाई गेलात तर मी एकलीच पोरगीला घिऊन जाते," म्हटल्यावर स्वारी हलली.

मिरजेत कॉलेजच्या फाटकाशी हंबीरराव सकाळपासून थांबला होता. दुकान कामाच्या पोरावर टाकून आलेला. त्यानं प्रांजलच्या हातातली पिशवी घेतली, पाण्याची बाटली दिली आणि दोघांना ॲडमिशनच्या खोलीत नेलं. टेबलामागं राजेश्वरी मॅडम होत्या. गळ्यात चष्म्याची दोरी, समोर कागदांची चळत. हंबीररावानं नमस्कार केला.

"काय मॅडम, आईंची शुगर काय म्हणतीय?"

"आहे बाबा आटोक्यात. तुझ्याकडून नेलेली ती नवीन पट्टी चांगली आहे."

दोनच वाक्यं! पण दादासोच्या कानात ती भट्टीच्या भात्यासारखी घुमली. ओळख आहे. आधीची ओळख आहे. म्हणजे हे सगळं जुळवलेलं आहे.

मॅडमनी प्रांजलकडून फाईल घेतली, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं उलटून बघितलं आणि त्या उठल्या. "ओरिजिनल आत पडताळणीला नेते. बाहेर बसा, थोडा वेळ लागेल. सगळं नीट असलं की पावती मिळेल."

"आत म्हंजे?" दादासोनं टेबलावर हात ठेवला. "मीबी येतो."

"तुम्हाला नाही येता येणार."

"मग पावती आधी द्या."

"पडताळणी झाल्याशिवाय पावती कशी देणार? कॉलेज ओरिजिनल ठेवूनच घेतं, सगळीकडे घेतं."

"ठिवूनच घेतं?" दादासोचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसल्याबिगर आमी भट्टीत काडी घालत न्हाई. आन तुमी पोरीचा आख्खा जन्म आत घिऊन जाणार, आमी भाईर बसायचं? आन उद्या म्हणालात, कागद मिळालंच न्हाईत, मग?"

"दाजी," हंबीरराव हळूच म्हणाला, "मॅडम वळखीच्या हायत."

"त्येच म्हणतोय मी! वळखीच्या हायत!" आणि दादासोनं मॅडमच्या हातातली फाईल ओढली, काखोटीला मारली आणि सरळ बाहेर चालू लागला.

आवारात एका कडुलिंबाखाली तो थांबला. आपण लेकीला वाचवलं असंच त्याला वाटत होतं. मागून प्रांजल आली. हंबीरराव दोन पावलं मागं, खाली मान घालून.

"पप्पा, द्या ती."

"आगं, एकडाव हातातनं गेली की गेली! तुला म्हाईत न्हाई, ह्यो तुझा मामा—"

"मामानं काय केलं?" तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच दादासो गडबडला. "नववीत मामा म्हणला हितं ठिवा, तुमी ठिवलं न्हाई. म्हणून मी माझ्याच गावात भाईरची झाले. तुमाला वाईट वाटंल म्हणून मी आजवर बोलले न्हाई. दोन येळा गावाकडच्या आठवीच्या पुस्तकांकडं बघून रडले, तेबी बाथरूममधी. आता ही जागा गेली तर मला कोण देणार हाय पप्पा? तुमी?"

"मी तुझ्याच भल्यासाठी..."

"मला ठाव हाय. पर कागदावर नाव माझं हाय. द्या."

तिनं हात पुढं केला. दादासोनं हंबीररावाकडं बघितलं. मेहुणा त्याच्याकडं बघत नव्हता, कॉलेजच्या दाराकडं बघत होता. तिथं शिपाई ॲडमिशनची पाटी उचलून आत नेत होता, बंद करायची वेळ होत आली होती. ओरडून भांडावं असं काहीच कुणी करत नव्हतं, आणि दादासोच्या हातातली फाईल आपोआप सैल झाली. प्रांजलनं ती घेतली.

"तुमी हितं बसा," ती म्हणाली. "मामा, चला."

तो बसला. जन्मात पहिल्यांदा माल आत आणि हा बाहेर. त्यानं उठून खिडकीकडं जाऊन बघितलं, काच पांढरी रंगवलेली. परत येऊन बसला. मनात नाही नाही ते आलं. आत उशीर झाला म्हणून हाकलतील. मॅडम राग काढतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पोरगी परत येईल आणि आपल्याशी कधीच बोलणार नाही. त्याला भीती वाटली, लहान पोराला वाटते तशी.

प्रांजल आली ती हसत आली. मागं हंबीरराव डोळे पुसत. "झालं पप्पा!"

"झालं? पावती बगू."

हात पुढं गेलासुद्धा. प्रांजलनं पर्सची चेन ओढून बंद केली.

"मी सांगतीया न्हवं, झालं म्हणून."

रात्री हंबीररावाच्या घरी पुरणपोळी होती. संयोगिताला फोन झाला, ती फोनवरच रडली. सगळे जेवले, हसले. दादासोही हसला, पण नजर कोपऱ्यात ठेवलेल्या प्रांजलच्या पर्सवर होती. पोरगीनं पावती का नाही दाखवली? मिळालीच नसेल? मॅडमनी नकार दिला असेल आणि बाप खचेल म्हणून पोरगी आणि मामा मिळून नाटक करत असतील? आजवर त्यानं साऱ्या जगावर संशय घेतला होता, लेकीवर कधीच नाही. ती एक जागा सोडली होती. आता तिथंही संशय शिरला, आणि दादासोला स्वतःचीच शिसारी आली. तरी संशय जाईना.

सकाळी "विट्याची गाडी धरतो" म्हणून तो सगळ्यांच्या आधी निघाला आणि रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं.

खोली नुकतीच उघडली होती. राजेश्वरी मॅडम टेबल पुसत होत्या. दादासो दारातच घुटमळला. काल भांडलेल्या बाईला काय तोंड दाखवायचं? पण मॅडमनीच मान वर केली.

"प्रांजलचे वडील ना? या."

त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली. "बसा. ती सांगून गेलीय काल. म्हणाली, पप्पा उद्या सकाळी येतील खात्री करायला. त्यांच्यावर रागावू नका, आणि त्यांना उभं ठेवू नका, भट्टीपुढं बसून बसून त्यांचे गुडघे गेलेत."

दादासो बसला. मॅडमनी कपाटातून फाईल काढली आणि त्याच्यासमोर ठेवली, मिटलेलीच. वरती लेकीचं नाव होतं. त्याचा हात टेबलापर्यंत आला आणि तिथंच राहिला. त्यानं ते नाव एकदा वाचलं. मग त्यानं फाईल हळूच मॅडमकडं सरकवली.

"ठिवा परत," तो म्हणाला. "आन बाई, मी आलतो हे तिला सांगू नका."

"आणि तिनं विचारलं तर?"

दादासो उठला. गुडघे धरून उठला. दारापर्यंत गेला, थांबला.

"मग सांगा, आलता. पर उघडून बगितलं न्हाई."